हिरव्या लोकरीसाठी

बाईंनी विचारलं ते अगदी हळू, कांद्याचा भाव विचारावा तसं. आज शाळेला सुट्टी आहे का? नोरीनला आधी वाटलं, प्रश्न आपल्याला नाहीच. मागे कुणीतरी असेल, कुणाची तरी वांड पोरं असतील, रिकाम्या डब्याला लाथा घालत हिंडणारी. तिने वळून पाहिलंसुद्धा. मागे मासेवाल्याच्या फळीवर बर्फ होतं, बर्फावर तोंडं उघडी टाकून पडलेले हॅडक मासे होते, आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं. मंगळवारी सकाळी स्केल्बीच्या मंडईत कुणीच नसतं. म्हणून तर ती मंगळवारी आली होती. शनिवारी सगळी शाळा इथे लोटते, पोरी एकमेकींच्या गळ्यात हात घालून कानातल्यांच्या दुकानापुढे खिदळत उभ्या असतात, आणि त्यांतली एखादी वळून म्हणणार, अगं ती बघ, डफी, ती जिवंत आहे होय. ते टाळायला तिने आठवडाभर विचार करून हा दिवस आणि ही वेळ काढली होती. शाळा भरलेली असेल, एकही पोर रस्त्यावर नसेल, तेव्हा आपण लेकीला घेऊन जाऊ. आणि एकही पोर रस्त्यावर नसतं तेव्हा रस्त्यावरचं एक पोर किती दुरून दिसतं, हे तिला आत्ता, त्या बाईंच्या गळ्यातलं निळ्या पट्टीचं ओळखपत्र पाहताना कळत होतं.

बाई ठेंगण्या होत्या, करड्या केसांच्या, पायांत मऊ तळाचे बूट. दिवसभर उभं राहायची सवय असलेल्या बाईचे बूट. बरोबरचा पोलीस अगदी पोरसवदा, थंडीनं कानांच्या पाळ्या लाल झालेला. त्याला काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखा तो माशांकडे बघत होता. बाईंनी आपलं नाव लमली असं सांगितलं. आपण कौन्सिलच्या हजेरी खात्यातल्या. या आठवड्यात खातं आणि पोलीस मिळून गावात फिरतोय, बसस्टँडवर, मंडईत, दुकानांच्या गल्लीत. शाळेच्या वेळात पोर बाहेर दिसलं की दोन शब्द विचारायचे, एवढंच, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. त्या हे इतक्या मायेनं म्हणाल्या की नोरीन सावध झाली. गेल्या वर्षात जे जे वाईट झालं ते सगळं तिला मायेच्या आवाजातच सांगितलं गेलं होतं. मॅजिस्ट्रेटसुद्धा चष्म्यावरून बघत हळूच म्हणाले होते, मिसेस डफी, पुढच्या वेळी मला दुसरा मार्ग उरणार नाही.

शॉनाने आईच्या कोटाची बाही धरली होती. हात नाही धरायची ती, तेराव्या वर्षी कोण धरतं. नुसती बाहीची कड, दोन बोटांच्या चिमटीत, घराच्या पायरीपासून इथपर्यंत. बसमध्येही ती चिमटी सुटली नव्हती. बापाचा जुना जाड अनोरॅक, टोपी जोडलेला, तिने अंगात घातला होता, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि आत कुठेतरी तिचा चेहरा होता, पांढरा, तळघरात उगवलेल्या कोंबासारखा. घरातून निघताना ती दारात इतका वेळ उभी राहिली होती की नोरीनने मनातल्या मनात अख्खी जपमाळ ओढून संपवली होती. काही बोलायचं नाही हे ती शिकली होती. चल म्हटलं की पोर मागे सरकते. आधी सकाळी पोटात दुखायचं, मग रविवारी संध्याकाळीच दुखायला लागलं, मग बूट दिसले की उलटी. काय झालं, कुणी काही म्हटलं का, कुणी मारलं का. नाही, नाही, नाही. सगळ्यांना कारण हवं होतं, आणि कारण नव्हतंच, की होतं ते शब्दांत मावणारं नव्हतं. त्या दिवसांत एकदा नोरीनने स्वतः जिन्याच्या कठड्यावरून तिची बोटं एकेक करून सोडवली होती. अंगठा, मग शेजारचं बोट, मग पुढचं. शेवटचं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा धरलेलं असायचं. त्या बोटांची ताकद तिच्या हातांना अजून आठवत होती. आज तीच बोटं तिच्या बाहीवर होती, आणि ती आपल्याला धरून आहेत या एका गोष्टीचा तिला आत्ता मिनिटभरापूर्वीपर्यंत इतका आनंद होत होता की डोळ्यांपुढची बटाट्यांची पोतीसुद्धा तिला झळाळल्यासारखी दिसत होती.

लोकरीने आणलं होतं तिला. मागच्या शरदापासून शॉना विणत होती. आधी आजीचे जुने स्वेटर उसवून त्यांच्या लोकरीतून, मग विकत आणलेल्या लोकरीच्या गुंड्यांतून. खोलीचा पडदा ओढून, पाय पोटाशी घेऊन, सुयांचा टकटक आवाज करत ती दिवस ढकलायची, आणि खाली स्वयंपाकघरात नोरीन तो आवाज ऐकायची. थांबला की हिचा श्वास थांबायचा. एक हिरवा स्वेटर होता, शेवाळी हिरवा, समुद्राच्या भिंतीवर असतं तसा. दुसरी बाही अर्धी झाली आणि लोकर संपली. नोरीनने लोकरीची नवी गुंडी आणून दिली. शॉनाने ती बाहीपाशी धरली, खिडकीचा पडदा बोटभर सरकवून उजेडात पाहिली, आणि परत केली. हा नाही. दुसऱ्या भट्टीचा रंग आहे. नोरीन पुन्हा गेली, पुन्हा चुकली. तिच्या डोळ्यांना दोन्ही हिरवे सारखेच दिसत. तिसऱ्या खेपेला दुकानातली फ्रीडा म्हणाली, ही बघ, ही अगदी तीच, मागच्या खोक्यात सापडली, आणि नोरीनने ती हातात घेतली, पाहिली, आणि परत ठेवून मुद्दाम तिच्या शेजारची उचलली. का ते तिला त्या क्षणी नीट ठाऊकही नव्हतं. घरी आल्यावर शॉनाने गुंडी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, तुला कळतच नाही. मी येते.

मी येते. नोरीन स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली होती, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि दहा दिवसांवर कोर्ट होतं. वकिलाने सगळं नीट समजावून सांगितलं होतं, तरुण होता, नखं कुरतडायचा. शाळा म्हणते आई पोरीला पाठवत नाही. आपण म्हणायचं पोर आजारी आहे, उंबरा ओलांडूच शकत नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. आपला सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे मिसेस डफी, की ती घराबाहेर पडू शकत नाही. ही गोष्ट खरी आहे ना? खरी आहे, नोरीन म्हणाली होती, आणि ती खरी होती, त्या दिवशी, आणि आज सकाळपर्यंत. दावा पडला तर काय, हे त्याने नखाकडे बघत सांगितलं होतं. तीन महिन्यांपर्यंत तुम्ही आत. आणि तेवढे दिवस मुलीला कौन्सिल कुणातरी परक्या घरी ठेवेल. चांगली माणसं असतात, तो म्हणाला होता. परक्या घरातला परका पलंग, खाली परक्या माणसांचे आवाज, जेवायला चला म्हणून दारावर टकटक. नोरीन रात्रीची ऑफिसं झाडायची. परवा एका साहेबाच्या टेबलाखाली केर काढताना तिला ते दार दिसलं होतं, पांढरा रंग दिलेलं, आणि आत पलंगाखाली शिरून बसलेली शॉना. आणि ती झाडू हातात धरून तशीच गुडघ्यांवर बसून राहिली होती, शेजारची बाई येऊन काय गं, पाठ धरली का, असं विचारेपर्यंत.

ही मुलगी तुमची का, लमलीबाई विचारत होत्या.

या मंडईत नोरीन लहानपणी तिच्या नानीच्या मासळीच्या फळीमागे वाढली होती. तेव्हाही हजेरीवाला यायचा, सायकलवरून, विजारीच्या पायांना चिमटे लावून. तो दाराशी दिसला की पहिला दुकानदार खोकायचा, मग दुसरा, असा खोकला फळी-फळीने पुढे यायचा, आणि नानी नोरीनच्या भावाला मानगूट धरून फळीखाली, ओल्या खोक्यांमागे कोंबायची. हजेरीवाला येऊन टोपी काढायचा, घरची सगळी बरी ना म्हणायचा. नानी म्हणायची, शाळेत गेलीत हो सगळी, देवाची शपथ; आणि शपथ घेताना चाकू धरलेल्या हाताची दोन बोटं एकमेकांत अडकवायची, म्हणजे ती शपथ देवाने मोजू नये. फळीखालून शिंक आली तर हजेरीवालाच म्हणायचा, तुमच्या हॅडकला सर्दी झालेली दिसते, आणि दोन तुकडे बांधून घेऊन जायचा. त्याला सगळं ठाऊक असायचं. सगळ्यांना ठाऊक असायचं की त्याला ठाऊक आहे. तो गेल्यावर नानी इतकी हसायची की तिचा पट्टा सैल व्हायचा. नोरीनने आत्ता कान दिला. कुणी खोकलं नाही. मासेवाला आत रेडिओ लावून बसला होता. तिने कोटाच्या खिशात दोन बोटं एकमेकांत अडकवली.

भाची आहे, ती म्हणाली. बहिणीची. डॉनकास्टरला असतात ते. तिकडे शाळेला सुट्टी आहे.

आपला आवाज इतका सरळ निघेल असं तिला वाटलं नव्हतं. लमलीबाईंनी मान हलवली. त्यांनी हातातल्या पाटीवरच्या कागदावर पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. हे गाव लहान. पण नोरीनच्या भागाचा हजेरी-अधिकारी वेगळा होता, लांब मानेचा एक गृहस्थ, आणि तो इथे नव्हता. या बाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सुटू. आणखी दोन वाक्यं, आणि सुटू. नाव काय भाचीचं, बाईंनी विचारलं, आणि नोरीन म्हणाली, क्लेअर. त्या खाली वाकल्या, टोपीच्या आत बघत म्हणाल्या, काय गं क्लेअर, गार आहे नाही आज? कितवीत आहेस बाळ? टोपी हलली नाही. लाजते ती, नोरीन म्हणाली, घरातसुद्धा कुणाशी बोलत नाही. हे वाक्य खरं असल्यामुळे तिला उगाच बरं वाटलं. बाहीवरची चिमटी घट्ट झाली होती. कापड पिरगळलं जात होतं. नोरीनला पोरीकडे बघून डोळ्यांनी सांगायचं होतं, जरा दम धर, हे नुसतं बोलणं आहे, मी हे तुझ्यासाठीच बोलतेय. पण टोपीत डोळे दिसत नव्हते. म्हणजे इथल्या शाळेत ही नाही, आपल्या गावची नव्हेच, बाईंनी पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यायची म्हणून. नव्हे, नोरीन म्हणाली, इथली नव्हेच ही.

बाईंनी पेन मिटलं. खरंच मिटलं, त्याचा टक् असा आवाज नोरीनने ऐकला. बरं तर, मजेत राहा दोघी, असं काहीसं त्या म्हणायला लागल्या होत्या. तेवढ्यात त्या पोलीस पोराला वाटलं असावं की इतका वेळ आपण नुसते उभे आहोत, आपणही काही माणुसकीचं बोलावं. तो हसला. पुढचे दात किंचित पुढे होते त्याचे. म्हणाला, आणि तुमची स्वतःची मुलं? ती तरी शाळेत आहेत ना?

साधा विनोद होता. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हो म्हटलं की कुठली शाळा, कुठली शाळा म्हटलं की नाव काय. नोरीनला ती वाट शेवटपर्यंत दिसली, भिंतीला जाऊन आपटणारी. वर्षभर प्रत्येक प्रश्नामागे दुसरा प्रश्न दबा धरून बसलेला असायचा, तसा हाही.

"नाही," ती म्हणाली. "मला मूल नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि मंडईत कुठेतरी दुकानाचं लोखंडी दार खडखडत वर गेलं. लहानपणी, ईस्टरआधीच्या याच उपासाच्या दिवसांत, शाळेतल्या नन दरवर्षी ती गोष्ट सांगायच्या. पकडून नेलेल्या गुरूची चौकशी आत चालू असते आणि त्याचा लाडका शिष्य बाहेर अंगणात शेकोटीपाशी उभा राहून म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणतो. नोरीनला तेव्हा त्याचा राग यायचा नाही, कीव यायची. थंडी होती, चारी बाजूंनी शिपाई होते, काय करणार बिचारा. सिस्टर ॲग्नस म्हणायच्या, मुलींनो, त्याने स्वतःला वाचवायला म्हटलं. आणि नोरीनला आत्ता त्या म्हाताऱ्या सिस्टरला विचारायचं होतं, की दुसऱ्याला वाचवायला म्हटलं तर? ज्याला नाकारलं त्यालाच वाचवायला? तर तेही मोजतात का?

बाहीवरची चिमटी सुटली.

तिला ते आधी जाणवलं ते गारव्यासारखं, मनगटावर वारा लागावा तसं. मग तिने पाहिलं. शॉना एक पाऊल बाजूला झाली होती. तिने दोन्ही हातांनी टोपी मागे सारली. तेलकट, आईने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेले केस, ओठांच्या कडेला चिरा. दिव्यांच्या त्या पांढऱ्या उजेडात आपली पोर किती आजारी दिसते हे नोरीनला घरात कधी दिसलं नव्हतं. अनोरॅकची चेन बारीक वाजत होती तिच्या थरथरण्याने. ती लमलीबाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्यांच्या ओळखपत्राकडे बघत होती. पण बोलली ती त्यांच्याशीच.

"मी क्लेअर नाही. मी शॉना डफी. ही माझी आई आहे."

तिला पुढे आणखी बोलायचं होतं आणि शब्द येत नव्हते. एखाद्या जड पेटीचं झाकण उचलावं तशी ती प्रत्येक शब्द उचलत होती.

"मी शाळेत जात नाही. ती पाठवते. मलाच जमत नाही. आज लोकर घ्यायला आले. हिला रंग कळत नाही."

लमलीबाईंच्या चेहऱ्यावर नोरीनने नाव पोचताना पाहिलं. डफी. त्यांच्या खात्यात हे नाव ठाऊक नाही असं कुणी नसणार. दहा दिवसांवर तारीख असलेलं नाव. बाईंचा चेहरा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकला, दिवस मावळताना भिंत करडी होते तसा. त्या म्हणाल्या, बसून बोलू या का जरा, इथे वारा फार येतोय. आणि समोरच्या चहाच्या दुकानाकडे त्यांनी हात केला, पाहुण्यांना आत या म्हणावं तसा.

चहाचं दुकान म्हणजे लोकरीच्या दुकानासमोर मांडलेली चार टेबलं. बेकन तळल्याचा वास होता, टेबलावर लालभडक सॉसची बाटली, काचेचं साखरेचं भांडं, तोंडाला पत्र्याची नळी असलेलं. नोरीन बसली. शॉना तिच्या शेजारी बसली नाही, समोर बसली, हात मांडीखाली घालून. आपल्याकडे बघत नाही ती, हे नोरीनला कळत होतं. आणि बघायला तोंड कुठे होतं आपल्याला. पोलीस पोरगा चहा आणायला गेला. त्याचा चेहरा शाळेत काच फोडलेल्या मुलासारखा झाला होता. आपल्याच एका वाक्यानं हे झालं, एवढं त्याला उमगलं असावं. लमलीबाई खांबापाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, एक कान बोटानं दाबून. मंडईत, हो, आईबरोबर. नाही, चालत. नाही, व्यवस्थित. व्यवस्थित हा शब्द नोरीनला ऐकू आला आणि तो तिच्या छातीत जाऊन बसला. पोर व्यवस्थित चालत होती. कोर्टात लांब मानेचा तो गृहस्थ उठेल आणि म्हणेल, महाराज, जी मुलगी उंबरा ओलांडू शकत नाही ती बाजारात लोकर घेताना आमच्या सहकाऱ्यांना आढळली, आणि आईने तिचं खोटं नाव सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं असणार नाही. आणि वकील नखं खात खाली बघेल.

लमलीबाई येऊन बसल्या. पाटी त्यांनी टेबलावर पालथी ठेवली.

"मला लिहावं लागणार, नोरीन. पाहिलं ते पाहिलंच नाही, असं मला म्हणता येत नाही."

आज पहिल्यांदाच आलीय ती, नोरीन म्हणाली. शपथ घेऊन सांगते. वर्षात पहिल्यांदा. तिला वाटलं आता लोकरीचं सांगावं, दोन हिरव्यांचं, आपण मुद्दाम चुकीची गुंडी उचलली त्याचं, दारात ओढलेल्या जपमाळेचं. सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिला स्वतःलाच ते ऐकू आलं, कसं ऐकू येईल ते. मघाशी भाची म्हणाली तोच आवाज, तेच तोंड. लमलीबाई टेबलावरचा चुरा बोटानं गोळा करत म्हणाल्या, "आज पहिल्यांदाच असं सगळेच म्हणतात गं." त्यात टोमणा नव्हता. उलट त्यांनी जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हटलं ते. नोरीनने तोंड मिटलं. बाई वाईट नव्हत्या. वर्षभरात तिला वाईट असं कुणी भेटलंच नव्हतं, आणि तरी एकेक चांगलं माणूस तिला त्या पांढऱ्या दाराकडे थोडं थोडं ढकलत आलं होतं.

चहा आला. जाड पांढरे मग, दुधाळ. पोलीस पोरगा मग ठेवून बाजूला उभा राहिला, बसावं की नाही ते न कळून. आणि तेवढ्यात शॉना म्हणाली, अजून टेबलाकडे बघतच, "लोकर राहिली."

लमलीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय म्हणालीस बाळ, असं त्यांनी विचारलं, आणि शॉनाने पुन्हा सांगितलं, आणि अनोरॅकच्या खिशातून ती अर्धी बाही काढली, सुईसकट, टोकाला बूच लावलेली, टाके सुटू नयेत म्हणून. बाईंनी ती हातात घेतली. उलटी करून आतून पाहिली, विणणारी बाई पाहते तशी. गाठी कशा मारल्यात ते आतूनच कळतं. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, तुला मी एकटीला नाही सोडू शकत, नजरेआड करायची परवानगी नाही मला. पण समोरच तर आहे, दोघी जाऊ. त्या उठल्या. शॉना उठली. तिने आईकडे पाहिलं नाही. दोघी मधली वाट ओलांडून गेल्या, ठेंगणी बाई आणि तिच्याहून उंच झालेली पोर, मध्ये हातभर अंतर, आणि पोरीने कुणाची बाही धरली नव्हती.

नोरीनने मग दोन्ही हातांत धरला. गरम होता. गेल्या वर्षी, उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचं बोट असतानाच, ती चर्चच्या बाजूच्या ओळीत संत ज्यूडच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसली होती. ज्यांचं कुठेच काही चालत नाही त्यांचा तो संत. डोक्यावरची प्लॅस्टरची ज्योत मोडलेली, पायांवर धूळ. त्याच्याकडे लोक शेवटी येतात म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, असं तिला वाटायचं. तिने पदराच्या गाठीला बांधावा तसा नवस बांधला होता. पोरगी आपणहून परक्या माणसाशी बोलेल तोवर चहात साखर नाही. तिला चहा लागायचा तो साखरेच्या पाकासारखा, नानीने लावलेली सवय. दुसरं सोडण्यासारखं तिच्याजवळ काही उरलंही नव्हतं. बाकीच्यांचे उपास ईस्टरला सुटले. फादर कीन म्हणाले, नोरीन, नेम ईस्टरला संपतो, देव काही सावकार नाही. ती म्हणाली होती, फादर, हे माझं आणि त्याचं आहे. रोज सकाळी तो कडू, मिळमिळीत घोट घेताना ती म्हणायची, आज. संध्याकाळी म्हणायची, उद्या. पोर काय बोलेल, कुणाशी बोलेल, हे तिने ठरवून दिलं नव्हतं. ते ठरवायचं असतं हे तिला सुचलं नव्हतं. तिने मागितलं होतं तेवढं तिला मिळालं होतं, मापून, वर चिमूटभर नाही आणि खाली चिमूटभर नाही.

तिने साखरेचं भांडं उचललं. नळी बोटानं पुसली आणि भांडं मगावर उलटं धरलं. साखर सरसरत पडायला लागली. पडत राहिली. पोलीस पोरगा बघत होता. त्याच्या तोंडून हळूच गेलं, "मावशी, इतकी?" मग त्यालाच आपण पुन्हा बोललो याची लाज वाटून त्याने मान फिरवली. नोरीनने चमच्याने ढवळलं. तळाशी खरखर लागत होती. नवस फेडायचा तर चिमूट घालून फेडायचा नसतो. आणि पोर आपल्या हिताचं बोलली का, हे बघूनही तो फेडायचा नसतो. नाहीतर तोही सौदाच, आणि तिचं आज खोटं बोलून झालं होतं, पुरे झालं होतं.

पहिला घोट घेतला आणि जिभेने तो नाकारला. गोड इतकं गोड असतं हे ती विसरली होती. घशाशी चिकटलं, डोळ्यांत पाणी आलं. तिला आठवत होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. तिने मग खाली ठेवला नाही. वाटेच्या पलीकडे फ्रीडा खोक्यांवर खोकी उतरवत होती, आणि लमलीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्या दोघींच्या मधून, घसा बसल्यासारखा, वापर नसल्यानं गंजलेला एक आवाज येत होता. हा नाही. हा पिवळट आहे. तिकडे धरा, उजेडात. फ्रीडा काहीतरी कुरकुरली, तुझ्या आईला हीच दाखवली होती मी मागच्या आठवड्यात, आणि आवाज थांबला.

नोरीननेही घोट तोंडातच धरला.

शॉना वळली होती. हातात हिरवी गुंडी, मागच्या खोक्यातली, आणि तिला चिकटवून धरलेली ती अर्धी बाही. इथून, इतक्या दुरून, नोरीनलाही दिसत होतं की दोन्हींच्या रंगांत कुठे सांधा नाही. पोर आईकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा. त्या नजरेत काय होतं ते नोरीनला वाचता येईना. समज होती, की राग, की नुसता प्रश्न, तूच आणलंस ना मला इथे. नोरीनने नजर काढली नाही. तोंडातला घोट गिळला, मग पुढचा, मग पुढचा, तळाची ओली साखर दातांखाली करकरेपर्यंत, पोरीच्या डोळ्यांदेखत.